जमलं तर येईन

बुधवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी कासाई तोकुजी ओसाकातल्या नांबा स्थानकाच्या पूर्व दाराशी, फुलांच्या दुकानासमोरच्या खांबापाशी येऊन उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर, राहणार जपानच्या उत्तरेकडचं आओमोरी, धंदा सफरचंदाची बाग. उजव्या हातात कागदी पिशवी, तिच्यात नऊ सफरचंदं. डाव्या हातात घडी घातलेला एक कागद. नऊ वाजून पन्नास मिनिटांनी ते तिथून निघाले. या सत्तर मिनिटांत त्यांची मुलगी मिसाओ त्याच स्थानकाच्या पश्चिम टोकाला, पाहुण्यांसाठीच्या चौकशी खिडकीत, त्यांच्यापासून दोनशे पावलांवर बसलेली होती. ती एका कोरियन जोडप्याला नारा शहराची गाडी समजावून सांगत होती.

मिसाओचं काम तेच. ओसाकात आलेल्या माणसाच्या हाताशी एक मोकळा दिवस असतो आणि त्याचं काय करायचं हे त्याला ठाऊक नसतं. ती त्याला आधी तीन प्रश्न विचारते: किती चालवतं, जेवायला किती वाजता लागतं, आणि परतायचं कधी. मग हिमेजीचा किल्ला, कोयाचा डोंगर, कोबेचं बंदर, मिनोचा धबधबा किंवा नारा, यातलं एक निवडते आणि एका कागदावर मिनिटांसकट दिवस लिहून देते. छापील पत्रकं खिडकीवर ढिगाने पडलेली असतात. तरी ती हाताने लिहिते. कुठे काय बघायचं हे छापलेलं असतं, बाकावरून कधी उठायचं हे नसतं, असं तिचं म्हणणं. म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी ती प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं जास्त धरते.

वडिलांना पाठवलेल्या कागदावर तिने प्रत्येक ठिकाणी पंधरा धरली होती.

तोकुजी ओसाकाला पहिल्यांदाच आले होते. गावातल्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेची तीन दिवसांची सहल होती, बावीस माणसं. फेब्रुवारीत बाग बर्फाखाली असते. छाटणीतून तीन दिवस काढता येतात. बुधवार शेवटचा दिवस आणि तो मोकळा. संध्याकाळी विमान. मुलगी शहरात बावीस वर्षं राहते आहे, तेव्हा तो दिवस तिच्याबरोबर, असं ठरायला फोनवर चार मिनिटं लागली. मिसाओने ठिकाणांची यादी वाचली.

"नारा," तोकुजी मधेच म्हणाले. "हरणं तिथेच ना? तुझी आई शाळेच्या सहलीत गेली होती. तिचा फोटो आहे हरणाबरोबर. हरिण बरं आलंय, आईचे डोळे मिटलेत."

"मग नारा."

"आणि तिथे तुला एक विचारायचंय. फोनवर नको."

काय विचारायचंय, हे मिसाओने विचारलं नाही.

दुसरा फोन सहलीच्या चार दिवस आधीचा. तोही फार मोठा नाही.

"कागद मिळाला का, बाबा?"

"मिळाला. अक्षर फार बारीक काढतेस. संस्थेतल्या नारिताने भिंग दिलं, तेव्हा वाचलं."

"बुधवारी नऊला, खांबापाशी. येणार ना नक्की?"

तोकुजी म्हणाले, "जमलं तर येईन."

"बरं," मिसाओ म्हणाली.

तिने फोन ठेवला, भिंतीवरच्या कॅलेंडरात बुधवारभोवती काढलेलं वर्तुळ खोडलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर जाऊन मागितलेली रजा परत केली.

ओसाकात "जमलं तर येईन" याचा अर्थ "येणार नाही" असा होतो. हे आम्ही ओसाकाची माणसं कुणाला शिकवत नाही आणि कुणी आम्हाला विचारत नाही. तोंडावर नाही म्हणणं वाईट दिसतं, म्हणून हे वाक्य आहे. ज्याने म्हटलं तो सुटतो, ज्याने ऐकलं तो त्याचं ताट मांडत नाही. कुणाला राग येत नाही. मिसाओनेही हे वाक्य बावीस वर्षांत किती जणांना ऐकवलं असेल त्याला मोजदाद नाही. वडिलांकडून ते ऐकून तिला वाईट वाटलं. थोडं सुटल्यासारखंही वाटलं. हे दुसरं तिने नंतर कबूल केलं.

बुधवारी साडेअकराला खिडकीमागच्या खोलीत चहा झाला. मिसाओची खिडकीतली जोडीदारीण त्सुजिमोतो वयाने साठीची, जन्माची ओसाकाची. कुठल्याही अनोळखी माणसाच्या हातावर गोड गोळी ठेवल्याशिवाय तिला बोलता येत नाही.

"सकाळी एक आजोबा भेटले," ती म्हणाली. "मी पूर्व दाराला पत्रकं लावायला गेले होते. अगदी खांबासारखेच उभे. मी म्हटलं, आजोबा, तुम्हाला रंग द्यायला माणूस यायचाय का? हसले नाहीत हो. मग गोळी दिली. ती घेतली."

"कुठले?"

"उत्तरेकडचे असावेत. बोलणं निम्मं कळलं. नाराची गाडी कुठल्या फलाटावर म्हणून विचारत होते. हातात तुझ्यासारखा कागद होता. मी म्हटलं, बघा, आमच्या मिसाओ-चानची नक्कल करायला लागलं कुणीतरी."

मिसाओने कप खाली ठेवला. "पिशवी होती?"

"कागदी. सफरचंदं होती. मी विचारलं, कुणाची वाट बघताय का? म्हणाले, मुलीची. कामात अडकली असेल. म्हटलं, ऑफिस कुठलं ते सांगा, मी फोन लावते. तर नको नको, काम करू दे तिला, म्हणाले. नऊ पन्नासला एकटेच निघाले मग. अगं, काय झालं?"

"माझे वडील आहेत ते."

"पण तूच म्हणालीस ना, ते येत नाहीयेत?"

"ते म्हणाले, जमलं तर येईन."

"मग बरोबरच आहे. जमलं तर येईन म्हणजे नाही. बालवाडीतल्या पोरालाही कळतं."  मग त्सुजिमोतोने आवाज उतरवला. "पण ते कुठे ओसाकाचे आहेत?"

मिसाओच्या गावात नोव्हेंबर ते मार्च कोणी कोणाला नक्की येतो म्हणत नाही. रस्ता आहे की नाही हे सकाळी उठल्यावर कळतं. तिथे "जमलं तर येईन" म्हणजे मी निघणार. पोहोचलो नाही तर बर्फाला दोष दे, मला नको. मिसाओ सहावीत असताना शाळेत गाण्याचा कार्यक्रम होता. आई म्हणाली होती, जमलं तर येईन. त्या दिवशी बस बंद पडली. आई तीन किलोमीटर चालत आली आणि रबरी बूट हातात धरून शेवटच्या ओळीत बसली. मिसाओने गाताना ते बूट पाहिले होते. तिला त्या वाक्याचा अर्थ माहीत नव्हता असं नाही. तो तिने वापरला नव्हता, इतकंच.

अकरा पन्नासला ती खिडकी सोडून निघाली.

गाडीत तिने आपल्याच कागदाचा हिशेब मांडला. वडील पन्नास मिनिटं उशिरा निघालेत, म्हणजे सगळं पन्नास मिनिटं पुढे सरकवायचं. तळ्याकाठी अकरा, मोठ्या बुद्धाच्या मंदिरात बारा, जेवण एक पंचवीसला, निगात्सुदो देवळाच्या सज्जावर पावणेतीन. त्यांना घाई करता येत नाही आणि लिहिलेलं ते मोडत नाहीत. औषधाच्या डब्यांवर लिहिलेली तारीख त्यांच्यासाठी कायदा असते. एक पंचवीसला ते जेवायच्या दुकानात असतील आणि ती त्याच्या आधी तिथे असेल. तोकुजींकडे मोबाईल होता, पण हरवू नये म्हणून ते तो घरी टेलिफोनशेजारी ठेवत.

बारा बेचाळीसला नारात उतरल्यावर तिने गावच्या संस्थेत फोन करून सहलीच्या म्होरक्याचा नंबर घेतला. नारिता, तोच भिंगवाला. पलीकडे गलका होता, मत्स्यालय असावं.

"कोण? तोकुजीची पोर? अगं, तो तुझ्याबरोबर आहे ना!"

"नाही. माझी चूक झाली. त्यांचं माझ्याकडे काय काम होतं, नारिता-सान? काही बोलले का?"

"तुला नाही बोलला? सकाळी न्याहारीला आम्हा सगळ्यांना सांगून झालंय त्याचं." नारिता गलक्यातून बाजूला आला. "शुक्रवारी शेवटची तारीख आहे. ज्याला बाग काढायची त्याने संस्थेत नाव द्यायचं, यंदा यंत्र येऊन झाडं उपटून देणार. गेली तीन वर्षं मी त्याला म्हणतोय, नाव दे. शिडीवर चढायचं वय आहे का तुझं? तर म्हणतो, पोर म्हणालीय जमलं तर परत येईन. तिला विचारल्याशिवाय कसं काढू?"

"मी कधी म्हटलं होतं?"

"ते मला काय माहीत. तो म्हणतो, स्टेशनवर म्हणालीस. जाताना."

बावीस वर्षांपूर्वी, गावाजवळच्या हिरोसाकी स्टेशनवर, गाडीच्या दारातून, चोवीस वर्षांच्या मिसाओने ते म्हटलं होतं. तेव्हा तिचं बोलणं गावचं होतं.

"बस चारला आहे, ओसाकाच्या किल्ल्याजवळच्या हॉटेलावरून," नारिता म्हणाला. "सापडला नाही तर तिथे ये. तुझा बाप कधी उशीर करत नाही. सकाळी कोंबडासुद्धा त्याला विचारून आरवतो."

उद्यानाच्या तोंडाशी हरणांची बिस्किटं विकणाऱ्या बाईने पिशवीवरून लगेच ओळखलं.

"हो, हो, ते! दोन जुड्या घेतल्या. आधी त्यांनी हरणाला वाकून नमस्कार केला, मग हरणाने त्यांना केला, मग पुन्हा त्यांनी. मी म्हटलं, आजोबा, हे संध्याकाळपर्यंत चालेल हां, ते दमत नाही." ती हसली आणि मग हसू आवरलं. "पण ताई, कागद खाल्ला त्याने."

"कुठला कागद?"

"हातातला. बिस्किटं संपली की ही मेली पिशवीत तोंड घालतात. सफरचंदाचा वास लागला असेल. आजोबांनी पिशवी छातीशी धरली, तर त्याने दुसऱ्या हातातला कागद ओढला. रोजचं आहे आमचं. नकाशे खातात, तिकिटं खातात, एकाचं लग्नाचं आमंत्रण खाल्लं परवा. मी ओरडले, पण अर्धा गेलाच."

"कुठला अर्धा?"

"आता ते कसं सांगू? खालचा असावा. वरचा त्यांच्या चिमटीत राहिला होता. रागावले नाहीत. बघत राहिले नुसते हरणाकडे. म्हणाले, माझ्या पोरीने लिहिलेलं होतं. मी म्हटलं, मग तिच्याकडून दुसरा लिहून घ्या. म्हणाले, हो."

कागदाचा वरचा अर्धा भाग म्हणजे भेटायची जागा, गाडी आणि तळं. मंदिर, जेवण, सज्जा आणि परतीची गाडी खालच्या अर्ध्यात होती. मिसाओचा हिशेब इथे संपला. पुढे वडील कागदाप्रमाणे चालत नव्हते. ते कसे चालतात, मनाने कुठे वळतात, कुठे थांबतात, याबद्दल तिला काही सांगता येईना. रोज चाळीस अनोळखी माणसांना ती हे सांगते.

बुद्धाच्या मंदिरात शाळेच्या सहा सहली होत्या. त्या गर्दीत तिने दोन फेऱ्या मारल्या. पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेला मासा-भात मिळतो त्या दुकानात एक पंचवीसला ती दाराकडे तोंड करून बसली. दोनला उठली. दुकानदार म्हणाला, असं कोणी आलं नाही, आणि आता येणारही नाही, भात संपला.

निगात्सुदोच्या पायऱ्या ती दोन वाजून वीस मिनिटांनी चढली. सज्जामागे पाहुण्यांसाठी फुकट चहाची खोली आहे. चहा आपणच ओतायचा, कप आपणच धुवायचा. तिथे देखरेखीला बसणाऱ्या बाईंना तोकुजी आठवत होते.

"सव्वाबाराला आले असतील. पाऊण तास होते. उत्तर कुठली, म्हणून विचारलं. मी दाखवली. तिकडे तोंड करून बसले. मी म्हटलं, पिशवी जड आहे, इथे ठेवा आणि फिरून या. नको म्हणाले, ही माझी नाही, पोरीची आहे."

"कुठे गेले पुढे?"

"ते नाही विचारलं. जाताना कप मात्र असा धुतला की मी तो पुन्हा धुतला नाही."

म्हणजे ते जेवले नव्हते. मंदिरातही गेले नसावेत. कागदावर सज्जाच्या ओळीत तिने लिहिलं होतं, "इथे निवांत बसू." ती एवढी एक ओळ त्यांच्या ध्यानात राहिली असावी.

दोन चाळीसच्या गाडीत बसायला जागा होती, तरी ती उभी राहिली. वडील भेटले तर काय सांगायचं, हा प्रश्न तिने सकाळपासून बाजूला ठेवला होता. आता तो बाजूला राहीना. उत्तर तिला माहीत होतं. ती परत जाणार नव्हती. यंदा नाही, पुढेही नाही. हे तिला निदान पंधरा वर्षांपासून ठाऊक होतं आणि पंधरा वर्षांत दर नव्या वर्षाला, दर ओबोनच्या सणाला तिने फोनवर तेच वाक्य म्हटलं होतं. जमलं तर येईन, बाबा. ती ते ओसाकाच्या अर्थाने म्हणत होती आणि ऐकणारा गावच्या अर्थाने ऐकत होता. त्या अर्थाच्या भरवशावर त्याने दर हिवाळ्यात शिडी लावली, दीडशे झाडं छाटली. पंधरा वर्षांपूर्वी तो त्रेसष्ट वर्षांचा होता. तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं असतं तर चार दिवस घरात कोणी बोललं नसतं, एवढंच झालं असतं.

तीन पंचवीसला ती नांबाला खांबापाशी आली. तिथे कोणी नव्हतं. तिने त्सुजिमोतोला लक्ष ठेवायला सांगितलं आणि तशीच हॉटेलकडे गेली. पावणेचारला पोहोचली. हॉटेलासमोर बस उभी होती. एकवीस माणसं चढली होती आणि मत्स्यालयातल्या देवमाशाच्या लांबीवरून त्यांच्यात वाद चालला होता.

नारिता खाली उतरला. त्याने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "आईसारखी दिसतेस. तोकुजी नाही आला अजून. सकाळी म्हणाला होता, कदाचित पोरच परस्पर विमानतळावर सोडेल, माझ्यासाठी बस अडवू नका. तिकीट त्याच्याजवळ आहे."

चार वाजले.

"चल की बसमध्ये," नारिता म्हणाला. "त्याची जागा रिकामीच आहे. विमानतळावर येईलच तो, विमान चुकवणारा माणूस नाही."

"आणि इथे आले तर? इथे कोणीच नसेल तर?"

"बघ बाई."

बस चार वाजून एक मिनिटाने सुटली. मिसाओ पायरीपाशी उभी राहिली.

चार वाजून पाच मिनिटांनी त्सुजिमोतोचा फोन आला. ती धापा टाकत होती. "अगं, खांबापाशी सापडले! तीन चाळीसपासून उभे होते म्हणे. माझ्या खिडकीसमोर पंचवीस जणांचा गट होता, खिडकी सोडता आली नाही. आत्ता येऊन बघितलं."

"त्यांना थांबवा. मी येते."

"कशी येशील? अर्धा तास लागेल तुला. ते चढलेत बसमध्ये. चार दहाची विमानतळाची बस आहे, हातात तिकीट आहे. पाचच्या आत पोहोचायचंय, म्हणतात. मी सोडायला आलेय बसपर्यंत."

"मग सांगा त्यांना, मी विमानतळावर येते. नक्की येते."

फोनमधून बसच्या इंजिनाचा आवाज येत होता. त्सुजिमोतोने फोन कानापासून दूर घेतला असावा, कारण तिचे पुढचे शब्द लांबून आणि मोठ्याने ऐकू आले. "आजोबा! मुलगी म्हणतेय, जमलं तर येईन!"

"तसं नाही!" मिसाओ हॉटेलाच्या दारात ओरडली. "त्सुजिमोतो-सान, तसं नाही सांगायचं!"

त्सुजिमोतो परत फोनवर आली तेव्हा बस सुटली होती. "बसले. तू ओरडू नकोस माझ्यावर. तू पोहोचशील की नाही कुणास ठाऊक. म्हातारा माणूस, नक्की येते म्हटलं तर ताटकळत बसेल, विमान चुकवेल. म्हणून आपल्या रीतीने सांगितलं, म्हणजे आशा न धरता आत जातील."  मग तिलाही सकाळचं बोलणं आठवलं असावं. "अगंबाई," ती म्हणाली. "हसले गं ते. मी म्हटलं जमलं तर येईन आणि ते हसले. सकाळपासून पहिल्यांदा."

मिसाओ धावत स्टेशनवर गेली. उमेदा स्थानकात चार पस्तीसला पोहोचली. तिथून विमानतळाकडे जायची वाट ती दिवसातून दहा वेळा सांगते: उजवीकडचा जिना, मधल्या मार्गाचे फलाट, ताकाराझुकाची जलद गाडी, होतारुगाइके, मग मोनोरेल, एक स्टेशन. शेजारी कोबेच्या गाड्या लागतात, त्यांचा रंगही तोच. फलाटाची पाटी बघितल्याशिवाय चढू नका, असं ती प्रत्येक कागदावर अधोरेखित करून लिहिते.

ती पाटी न बघता चढली. पहिला थांबा जूसो, तिथे चूक सुधारता आली असती. गाडी थांबली तेव्हा ती "बाबा, झाडं काढा" हे वाक्य कसं सुरू करायचं याचा विचार करत होती. खिडकीतून घरं वेगळी दिसायला लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. पुढचा थांबा निशिनोमिया. तिथे उतरून, पूल ओलांडून, उलट गाडी. जूसोला परत येईपर्यंत पाच वाजून गेले होते.

सहलीचं विमान पाच पन्नासचं. तपासणीचं दार साडेपाचला बंद होतं.

पाच वाजून सव्वीस मिनिटांनी होतारुगाइकेच्या मोनोरेल फलाटावर तिला नारिताचा फोन आला. तो हळू बोलत होता, म्हणजे आत पोहोचला होता.

"कुठे आहेस तू?"

"एक स्टेशन. बाबा?"

"आम्ही सगळे तपासणीच्या आत आलो. तो बाहेर उभा आहे. काचेतून दिसतोय मला. पिशवी हातात आहे. मी आत येताना म्हटलं, चल तोकुजी, पोर नाही येत आता. म्हणाला, जमलं तर येईन म्हणालीय ती, म्हणजे निघाली असेल. त्या गणवेशातल्या मुलीने दोनदा सांगितलं त्याला, आजोबा, दार बंद होतंय. तिला सफरचंद दाखवतोय."

"त्यांना सांगा, नारिता-सान. सांगा की आत जा. मी फोन करेन. मी सगळं फोनवर सांगेन."

"कसं सांगू? मधे काच आहे. मी हात हलवून बोलावलं, तर त्यानेही मला हात हलवला. त्याला वाटतंय मी निरोप घेतोय."

मोनोरेल पाच अठ्ठावीसची. विमानतळापर्यंत तीन मिनिटं. मिसाओ आपल्या कागदांवर त्यापुढे चालण्याची सात मिनिटं धरते, म्हाताऱ्या गुडघ्यांसाठी दहा जास्त. पाच सत्तावीसला ती फलाटाच्या पुढच्या टोकाला उभी होती आणि नारिताचा फोन अजून चालू होता. "उभाच आहे गं," तो म्हणाला.